आसियानच्या सवलतीत माल कसा पाठवावा: ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लहान कारखान्यांसाठी

ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंतच्या एमआयडीसीत गेली दोन-तीन वर्षे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो: युरोप-अमेरिकेच्या ऑर्डरींचा भरवसा उरला नसेल, तर माल पाठवायचा कुठे? नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि न्हावा शेवाहून युरोपला जाणारी बहुतेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला आणि भाडेही चढले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवरील जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेले. अशा वेळी पूर्वेकडचा शेजार, म्हणजे आसियान हा आग्नेय आशियातील देशांचा गट, आठवणे स्वाभाविक आहे. तिकडे जाताना तांबडा समुद्र वाटेत येत नाही, आणि सवलतीच्या शुल्काचा करार २०१० पासून हाताशी आहे. तरीही माझ्या पाहण्यातले कितीतरी लहान कारखाने त्या कराराचा लाभ न घेताच माल पाठवतात आणि तिकडच्या ग्राहकाला पूर्ण आयातशुल्क भरावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते. हे टिपण त्या कारखानदारांसाठी आणि त्यांच्याकडे निर्यातीची कागदपत्रे सांभाळणाऱ्यांसाठी लिहिले आहे.

करार कोणाशी आहे, हे आधी नीट पाहावे

आसियानची स्थापना ८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉक येथे इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांनी केली. पुढे ब्रुनेई, व्हिएतनाम, लाओस, म्यानमार आणि कंबोडिया आले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिमोर-लेस्ते अकरावा सदस्य झाला. भारत १९९२ मध्ये या गटाचा क्षेत्रीय संवाद भागीदार आणि १९९५ मध्ये पूर्ण संवाद भागीदार झाला; २०२२ मध्ये या संबंधांना सर्वंकष सामरिक भागीदारीचा दर्जा मिळाला. आपल्या कामाचा जो वस्तुव्यापार करार आहे, त्यावर १३ ऑगस्ट २००९ रोजी सह्या झाल्या आणि १ जानेवारी २०१० पासून तो लागू होऊ लागला.

येथे पहिली गल्लत होते. आसियान हे नाव एक असले, तरी युरोपीय संघासारखी सगळ्यांची मिळून एक शुल्कव्यवस्था तेथे नाही. युरोपात माल एकदा आत गेला की तो सत्तावीस देशांत फिरतो. आसियानमध्ये मात्र प्रत्येक देशाचे शुल्क वेगळे, सवलतीचे वेळापत्रक वेगळे आणि वगळलेल्या वस्तूंची यादीही वेगळी असते. त्यामुळे ‘आसियानला किती ड्यूटी आहे?’ या प्रश्नाला उत्तरच नसते. ‘थायलंडमध्ये माझ्या सहा अंकी एचएस कोडवर सर्वसाधारण शुल्क किती आणि कराराखालचे किती?’ असे विचारावे, म्हणजे उत्तर मिळते. (एचएस कोड म्हणजे वस्तूंच्या जागतिक वर्गीकरणातला क्रमांक.) इंडियन ट्रेड पोर्टलवर हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी पाहता येतात, पण त्यावर विसंबून दर पक्का करण्याआधी ग्राहकाच्या तिकडच्या कस्टम एजंटाकडून तो आकडा लेखी मागवून घ्यावा. दोन आकड्यांत फरकच नसेल, तर सवलतीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राच्या खटाटोपात पडू नये. सिंगापूरचे उदाहरण घ्या: तेथे मोजक्या वस्तू सोडल्या तर आयातशुल्क मुळातच शून्य आहे.

काही देशांशी आपले दोन-दोन करार आहेत, हेही लक्षात ठेवावे. सिंगापूरशी स्वतंत्र करार ऑगस्ट २००५ पासून आणि मलेशियाशी जुलै २०११ पासून लागू आहे. मलेशियाला माल पाठवताना आसियान करार आणि मलेशियाचा स्वतंत्र करार यांपैकी ज्यात शुल्क कमी असेल तो निवडता येतो. मात्र दोहोंचे प्रमाणपत्र वेगळे असते आणि एकाचे प्रमाणपत्र दुसऱ्यासाठी चालत नाही. तिमोर-लेस्ते सदस्य झाला म्हणून जुन्या कराराचे दर त्यालाही आपोआप लागू झाले, असे गृहीत धरू नये.

आपला माल कराराच्या दृष्टीने भारतीय आहे का?

सगळ्या कामाचा गाभा हा आहे, म्हणून त्यासाठी सर्वांत जास्त वेळ राखावा. माल नवी मुंबईत बनला एवढ्यावर तो भारतीय ठरत नाही. लासलगावचा कांदा वाशीच्या बाजारातून मलेशियाला गेला, तर तो संपूर्णपणे येथेच पिकलेला असल्याने प्रश्न सरळ असतो. कारखान्यात परदेशी सुटे भाग वापरून बनवलेल्या वस्तूला मात्र दोन अटी एकाच वेळी पूर्ण कराव्या लागतात. पहिली अट अशी की मालाच्या एफओबी किमतीत, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीत, किमान ३५ टक्के मूल्य भारतातले किंवा आसियानमधले असले पाहिजे. दुसरी अट अशी की वापरलेल्या परदेशी भागांचा सहा अंकी एचएस कोड तयार मालाच्या सहा अंकी कोडहून वेगळा असला पाहिजे. शिवाय उत्पादनाची शेवटची प्रक्रिया निर्यात करणाऱ्या देशातच व्हावी लागते. नुसते पुसणे, रंगवणे, लेबल लावणे, खोक्यात भरणे अशा किरकोळ कामांनी माल भारतीय होत नाही.

समजा, रबाळ्यातील एका कारखान्यात पितळी नळ आणि व्हॉल्व्ह बनतात आणि एका नगाची एफओबी किंमत १,००० रुपये आहे. पितळी बॉडी जामनगरहून येते. आतले कार्ट्रिज चीनहून येते, त्याची विमा आणि भाडे धरून बंदरात पोचलेली किंमत, म्हणजे सीआयएफ, ३१० रुपये. हँडल तैवानचे, ९० रुपये. स्प्रिंग मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली, ६० रुपये. ती कोठे बनली हे त्याच्या बिलावर लिहिलेले नाही. मालकाचे म्हणणे असे की स्प्रिंग आपण रुपयांत, मुंबईत घेतली, म्हणजे ती देशीच. करार असे मानत नाही. ज्या भागाचा उगम सिद्ध करता येत नाही, तो परदेशी भागांतच मोजला जातो. म्हणून बेरीज ४०० नव्हे, ४६० रुपये होते आणि भारतीय मूल्य ५४ टक्के उरते. ३५ च्या पुष्कळ वर असल्याने पहिली अट पूर्ण झाली. आता दुसरी अट पाहू: कार्ट्रिज आणि हँडल हे व्हॉल्व्हचे सुटे भाग म्हणून ८४८१.९० या कोडात येतात, स्प्रिंग ७३२० मध्ये, आणि तयार व्हॉल्व्ह ८४८१.८० मध्ये. कोड बदलला, म्हणजे दुसरी अटही पूर्ण झाली.

याच कारखान्याने घाईची ऑर्डर भागवण्यासाठी चीनहून तयार व्हॉल्व्ह आणून त्यावर क्रोमचा मुलामा देऊन पाठवला, तर कोड ८४८१.८० चा ८४८१.८० च राहील आणि मूल्य कितीही वाढले तरी माल सवलतीस अपात्र ठरेल. तसेच रुपया घसरला, चिनी भाग महाग झाले आणि परदेशी भागांची बेरीज ६९० रुपयांवर गेली, पण विक्रीची किंमत जुन्या करारामुळे हजारावरच अडकली, तर भारतीय मूल्य ३१ टक्के होईल. दोन वर्षांपूर्वी पात्र असलेला माल अशा रीतीने कोणाच्या लक्षात न येता अपात्र होतो. म्हणूनच खर्चाचा तक्ता, ज्याला सगळे कॉस्ट शीट म्हणतात, दर तिमाहीला आणि विनिमय दर मोठा हलला की लगेच नव्याने मांडावा.

आसियानमधून आलेला भाग योग्य पुराव्यानिशी आपल्या बाजूने मोजता येतो, ही सोय फार थोडे लोक वापरतात. वरच्या उदाहरणातील हँडल तैवानऐवजी थायलंडचे घेतले आणि त्यासोबत थायलंडने दिलेले याच कराराचे प्रमाणपत्र आले, तर ते ९० रुपये परदेशी बेरजेतून वजा होतील. पुरवठादार निवडताना केवळ नगामागचे दोन-चार रुपये पाहण्यापेक्षा हा हिशोब करून पाहावा.

प्रमाणपत्र: फॉर्म एआय

सवलत मागण्यासाठी जे मूळ देशाचे प्रमाणपत्र लागते, त्याला फॉर्म एआय म्हणतात. आयात-निर्यात कोड चालू असावा, बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या अधिकृत बँकेचा क्रमांक) बंदरात नोंदलेला असावा, आणि मग डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, ऑनलाइन व्यवस्थेतून अर्ज करावा. आपल्याकडे हे प्रमाणपत्र निर्यात तपासणी परिषदेच्या यंत्रणेकडून मिळते. अर्जासोबत इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टमला द्यायचे निर्यातीचे घोषणापत्र), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) आणि खर्चाचा तक्ता जोडावा लागतो. प्रमाणपत्र निर्यातीच्या वेळी किंवा त्यानंतर तीन कामकाजी दिवसांत घ्यायचे असते. काही अपवादात्मक कारणाने राहून गेले, तर रवानगीपासून बारा महिन्यांच्या आत ते मागाहून दिल्याच्या शेऱ्यासह मिळू शकते, पण तोवर ग्राहकाने शुल्क भरून माल सोडवलेला असतो आणि परताव्यासाठी त्याला तिकडे खेटे घालावे लागतात. प्रमाणपत्राची मुदत दिल्या तारखेपासून बारा महिने असते.

या कामात पडलो त्या सुरुवातीच्या काळात माझ्या हातून झालेली एक चूक येथे सांगतो, कारण ती आजही होताना दिसते. महाप्याच्या एका कारखान्याचा माल थायलंडला निघाला होता. प्रमाणपत्र वेळेत मिळाले, आणि नंतर जहाजभाड्यात फरक पडला म्हणून आम्ही इन्व्हॉइस दुरुस्त केले. दुरुस्त इन्व्हॉइसच्या क्रमांकापुढे ‘ए’ हे अक्षर लागले. प्रमाणपत्रावर जुनाच क्रमांक राहिला. लाएम चाबांग बंदरात तेथील अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि सवलत नाकारली. त्याचे काहीच चुकले नव्हते. ग्राहकाने पूर्ण शुल्क भरले आणि तेवढी रक्कम आमच्या पुढच्या बिलातून कापून घेतली. तेव्हापासून प्रमाणपत्राचा अर्ज पाठवण्याआधी इन्व्हॉइस ‘बंद’ करायचे, त्यानंतर त्यात एक स्वल्पविरामही बदलायचा नाही, आणि बदलावाच लागला तर प्रमाणपत्रही नवे घ्यायचे, असा नियम मी पाळत आलो आहे.

मालाचे वर्णन, वजन, नगांची संख्या, खोक्यांवरच्या खुणा आणि एचएस कोड हे सर्व कागदांवर अक्षरशः सारखे असावे. कोडच्या बाबतीत एक काळजी आणखी घ्यावी. पहिले सहा अंक जगभर एकाच पद्धतीने चालत असले, तरी तिकडचा अधिकारी तीच वस्तू वेगळ्या शीर्षकाखाली बसवू शकतो. म्हणून ग्राहक स्वतः कोणता कोड घोषित करणार आहे, हे ऑर्डर घेतानाच विचारावे. बिल सिंगापूर किंवा दुबईच्या व्यापाऱ्याने बनवले आणि माल थेट व्हिएतनामला जाणार असेल, तर तेही करारात बसते, पण प्रमाणपत्रावर तिसऱ्या देशाच्या इन्व्हॉइसचा रकाना भरलेला असला पाहिजे.

मालाची वाट

करारानुसार माल थेट जायला हवा. मध्ये दुसऱ्या देशाचे बंदर आले तर चालते, पण तेथे तो बाजारात उतरता कामा नये आणि चढ-उतार किंवा माल सुस्थितीत ठेवण्यापलीकडे त्यावर काही काम होता कामा नये. न्हावा शेवाहून पूर्वेकडे जाणारे काही कंटेनर कोलंबोला जहाज बदलतात. श्रीलंका या कराराबाहेर आहे, त्यामुळे अशा वेळी न्हावा शेवा ते शेवटच्या बंदरापर्यंतचे एकच सलग बिल ऑफ लेडिंग आपल्याकडे हवे. दोन तुकड्यांत दोन बिले घेतली, तर थेट रवानगी सिद्ध करताना दमछाक होते. फॉरवर्डरकडून, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्याकडून, दर मागतानाच जहाज कोठे बदलणार, हे विचारून घ्यावे. स्वस्त दराच्या मागे बहुधा हेच कारण दडलेले असते.

वाटेतली अस्थिरताही देशागणिक वेगळी आहे, म्हणून तीही देशागणिकच पाहावी. जुलै २०२५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया या आसियानच्याच दोन सदस्यांत सीमेवर लढाई झाली आणि जमिनीवरची नाकी बंद झाली. कंबोडियाचा माल लाएम चाबांगला उतरवून ट्रकने पुढे नेण्याची जी सवय होती, तिच्यावर आता विसंबता येत नाही. सिहानुकव्हिल बंदराचा थेट दर घ्यावा, मग तो थोडा जास्त का असेना. लाओसला समुद्रच नाही, त्यामुळे तेथील माल कोणत्या शेजाऱ्याच्या बंदरातून आणि कोणत्या नाक्यावरून जाणार, हे ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी ठरले पाहिजे.

म्यानमारची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. त्या देशाशी आपली सुमारे १,६४३ किलोमीटरची जमिनीवरची सीमा आहे, आणि वाशीच्या दाणा बाजारात येणाऱ्या आयात उडदाचा फार मोठा वाटा तेथूनच येतो. भारत, म्यानमार आणि थायलंड यांना जोडणारा मणिपूरमधील मोरेपासून निघणारा महामार्ग पूर्ण झाला, तर ईशान्येतून थेट रस्त्याने थायलंड गाठता येईल, असे स्वप्न दोन दशकांपासून पाहिले जात आहे आणि मलाही ते पूर्ण झालेले पाहायचे आहे. पण १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्या देशात जे यादवी युद्ध पेटले, त्यात त्या मार्गाचे काम अडकले आहे. नवी मुंबईच्या कारखान्याने आज तरी म्यानमारचा माल समुद्रानेच पाठवावा आणि पैसे हाती आल्याशिवाय किंवा बँकेची पक्की हमी असल्याशिवाय पाठवू नये.

पैसा, विमा आणि बदलणारे नियम

नव्या ग्राहकाशी पहिले दोन-तीन व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे ग्राहकाच्या बँकेने दिलेल्या लेखी हमीवर, करावेत, आणि ग्राहकाच्या देशाची बँक डळमळीत वाटत असेल तर ते आपल्या बँकेकडून कन्फर्म करून, म्हणजे तिचीही हमी जोडून, घ्यावे. उधारीवर माल द्यायचा असेल, तर ईसीजीसी या निर्यात पतविम्याच्या सरकारी कंपनीचे विमासंरक्षण घेतल्याशिवाय देऊ नये. ग्राहकाचे दिवाळे निघण्याबरोबरच युद्ध, आयातबंदी किंवा परकीय चलन पाठवण्यावरचे निर्बंध यांमुळे बुडणारा पैसाही त्यात येतो. ईसीजीसी देशांना जोखमीनुसार श्रेणी देते. ती श्रेणी पाहिली की कोणत्या देशाला किती दिवसांची उधारी द्यावी, याचा अंदाज बांधता येतो.

मालाच्या सागरी विम्याबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘ऑल रिस्क’ पॉलिसी आहे म्हणजे सगळे आले, असे समजले जाते. प्रत्यक्षात युद्ध आणि संप यांमुळे होणारे नुकसान त्या मूळ पॉलिसीत वगळलेले असते आणि त्यासाठी वॉर क्लॉज व स्ट्राइक क्लॉज वेगळे घ्यावे लागतात. सीआयएफ दराने विकणाऱ्याने विमा उतरवताना ही दोन कलमे पॉलिसीवर प्रत्यक्ष छापलेली आहेत का, हे डोळ्यांनी पाहावे.

हा करारही जसाच्या तसा राहील असे नाही. २०२३-२४ मध्ये दोन्ही बाजूंचा व्यापार सुमारे १२१ अब्ज डॉलरचा होता, पण त्यात आपली निर्यात सुमारे ४१ अब्ज आणि आयात जवळपास ८० अब्ज होती. ही तूट आपल्याला बोचते. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आरसेपच्या (आसियान, चीन आणि इतर काही आशिया-प्रशांत देशांच्या व्यापार कराराच्या) वाटाघाटींतून बाहेर पडला त्यामागेही स्वस्त आयातीची भीती होती, आणि याच कारणाने आसियान कराराचा फेरआढावा सुरू झाला. माझे मत असे आहे की हा आढावा आपल्या लहान कारखान्यांच्या हिताचा ठरू शकतो, पण त्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. दीर्घ मुदतीच्या विक्री करारात मात्र शुल्काचा दर किंवा उगमाचा नियम बदलला तर किमतीवर पुन्हा बोलणी होतील, असे कलम घालावे. नाकी किंवा बंदर बंद पडल्यास मुदत वाढेल आणि जादा भाडे कोण सोसेल, हेही त्यातच स्पष्ट लिहावे.

खाद्यपदार्थ इंडोनेशियाला पाठवणाऱ्यांनी हलाल प्रमाणनाचा विचार शुल्काच्याही आधी करावा, कारण तेथे ते कायद्याने टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत आहे, आणि ते नसल्यास शून्य शुल्काचा काही उपयोग नाही.

तिकडून माल आणत असाल तर

या पट्ट्यातले बरेच कारखाने आसियानमधून कच्चा मालही आणतात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या, कॅरोटार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांनी पुराव्याची जबाबदारी आयातदारावर टाकली आहे. पुरवठादाराने फॉर्म एआय दिला, एवढ्यावर आयातदाराची सुटका होत नाही. माल कोणत्या प्रक्रियेतून तयार झाला, उगमाचा कोणता निकष लागू झाला आणि मूल्य कसे मोजले, याची माहिती विहित नमुन्यात आयातीपूर्वीच मिळवून ती किमान पाच वर्षे जपून ठेवावी लागते, आणि न्हावा शेवाच्या कस्टम हाउसने विचारल्यास ती दाखवावी लागते. तिसऱ्या देशाची मिरी किंवा सुपारी शेजारच्या देशाच्या नावाने आणण्याचे प्रकार झाल्यामुळे ही कडकपणाची वेळ आली, आणि प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्यालाही तिचा भार सोसावा लागतो. पुरवठादार माहिती द्यायला टाळाटाळ करीत असेल, तर सवलत न मागता पूर्ण शुल्क भरून माल सोडवावा. पुढे होणारी वसुली, व्याज आणि दंड यांपेक्षा ते स्वस्त पडते.

कंटेनर कारखान्यातून निघण्याच्या आदल्या दिवशी, सीएचएला (आपल्या कस्टम एजंटाला) फोन करण्याआधी, एका माणसाने इन्व्हॉइस मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिलाचा मसुदा आणि प्रमाणपत्राचा अर्ज समोर ठेवून प्रत्येक आकड्यावर पेन्सिलीने खूण करावी. यास वीस मिनिटे लागतात. मग या सर्वांची एक प्रत, त्या दिवसाचा खर्चाचा तक्ता आणि परदेशी भागांची बिले एकाच फायलीत लावून तिच्यावर शिपिंग बिलाचा क्रमांक घालावा. तिकडच्या कस्टमकडून वर्षभराने पडताळणीचे पत्र आले, तर हीच फाइल उघडून उत्तर द्यायचे असते.